एबीसीचा पीक्यूआर झाला तेव्हा

आमच्या वेळी दहावीला गणित १५० गुणांचं होतं. ७५ बीजगणिताचे, ७५ भूमितीचे. बीजगणिताशी माझं भांडण होतं आणि भूमितीशी अबोला. भांडणात निदान चार शब्द तरी होतात.

बीजगणितातली शाब्दिक उदाहरणं मला पटायचीच नाहीत. एक नळ टाकी ६ तासांत भरतो, दुसरा भरलेली टाकी ९ तासांत रिकामी करतो, दोन्ही एकदम उघडले तर टाकी किती तासांत भरेल? आमच्या लालबागच्या चाळीत पाणी यायचं पहाटे पाऊण तास. मी हे उदाहरण मोठ्यानं वाचलं, तर कणीक मळणाऱ्या आईचा हातच थांबला.

"दुसरा नळ उघडा टाकला कुणी?"

"गणितात तसंच दिलंय."

"मग आधी तो बंद कर म्हणावं."

उत्तर १८ तास येतं. ते तिला सांगायची माझी छाती झाली नाही.

भूमितीवर क्लासच्या सरांनी तोडगा काढून दिला होता. प्रमेयं पाठ करायची. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, असं ओळीनं, सत्यनारायणाच्या पोथीसारखं. समजलं तर उत्तम, नाही समजलं तर अडत नाही. पायथागोरस 'नक्की येणार' म्हणून त्याला वहीत तीन चांदण्या.

मी तो पहाटे गॅलरीत येरझारा घालत पाठ केला. त्रिकोण एबीसीमध्ये कोन बी ९० अंश. बीपासून कर्णावर रेख बीडी लंब काढा. छोटे दोन्ही त्रिकोण मोठ्याशी समरूप, म्हणून एबीचा वर्ग बरोबर एसी गुणिले एडी... नळाच्या रांगेतल्या बायांना नाइलाजानं ऐकावंच लागायचं. तिसऱ्या दिवशी शेवटच्या खोलीतले काका, नुकते रात्रपाळीहून आलेले, आईला विचारून गेले, "वहिनी, हा पोरगा रोज पहाटे 'बिडी काढा' म्हणून कुणाला ओरडतो?"

पंधरवड्यात चौथी शिकलेल्या काकूंना प्रमेय माझ्याआधी पाठ झालं. मी अडखळलो की हंड्याला हात लावून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "अरे बाळा, रेख बीडी राहिली."

प्रिलिमला प्रमेय आलं. चांदण्या फळल्या. मी पेन सरसावलं आणि प्रश्न पुन्हा वाचला: त्रिकोण पीक्यूआरमध्ये कोन पी ९० अंश असेल, तर...

पीक्यूआर? हा कोण? महिनाभर ज्याच्यासाठी पाच वाजता उठलो तो एबीसी गायब, आणि त्याच्या जागी भलताच त्रिकोण बसलेला. आता बीडीचं काय करायचं? लंब कुठून कुठे सोडायचा? पुढच्या बाकावरच्या हुशार मुलानं एव्हाना पुरवणी मागितली होती. (हुशार मुलं पुरवणी नेहमी जरा मोठ्यानंच मागतात.)

शेवटी मी गणितात 'समजा' म्हणायची मोकळीक असते, तिचा फायदा घेतला. प्रश्नातला पक्ष जसाच्या तसा उतरवला आणि खाली लिहिलं: 'समजा, त्रिकोण पीक्यूआर हाच त्रिकोण एबीसी आहे.' मग घोकलेलं अख्खं प्रमेय, बीडीसकट, स्वच्छ अक्षरात. शेवटी ए खोडून पी, बी खोडून क्यू, सी खोडून आर.

पेपर हातात आला तेव्हा त्या ओळीखाली लाल शाईत दोनच शब्द होते: 'का समजा?' पक्ष उतरवल्याबद्दल अर्धा गुण. काकूंना हे कळलं तेव्हा त्या हंडा खाली ठेवून म्हणाल्या, "मला पाठवलं असतंस तरी तेवढा मिळाला असता."

गारफिल्ड नावाच्या एका गृहस्थांनी याच प्रमेयाची समलंब चौकोनावरून स्वतःची सिद्धता १८७६ साली छापली, आणि पुढे ते अमेरिकेचे अध्यक्ष झाले. मी लोकांची सिद्धता अक्षरं बदलून छापली आणि बँकेत कारकून झालो. न्याय म्हणून ठीकच आहे.

परवा दादरहून ठाणे स्लो पकडली. सोबत भाची, कॉलेजात गणित घेऊन शिकणारी. चौथ्या सीटवर अर्धा टेकून मी तिला ही कथा सांगितली. वाटलं, हसेल. ती हसली नाही.

"मामा, तुझं बरोबर होतं."

"काय?"

"शिरोबिंदूंना कुठलीही नावं दे, त्रिकोण तोच राहतो. आम्ही हे रोज करतो. 'समजा' लिहायचं आणि पुढे जायचं."

इतक्या वर्षांनी! मी ताठ बसलो. चौथ्या सीटवर जेवढं ताठ बसता येतं तेवढा. लाल शाईचे ते सर आता कुठे असतील, त्यांना गाठून पेपर फेरतपासणीला टाकता येईल का, असले विचार कुर्ल्यापर्यंत चालले. भाचीनं वडापावच्या कागदावर त्रिकोण काढला.

"काटकोन कुठे दिला होता?"

"पीपाशी."

"आणि तू पीला काय समजलास?"

"ए."

"पाठ केलेल्यात काटकोन कुठे होता?"

"बीपाशी."

तिनं पेनाला टोपण लावलं, कागदाची गोळी केली आणि म्हणाली, "मामा, ऊठ. घाटकोपर आलं."