आजीच्या गोंदणावरून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

पक्का सोलापूरकर, नमस्कार.

टॅटू काढण्याआधी आणि काढल्यानंतर काय काळजी घ्यावी, या माझ्या लेखाखाली तुम्ही परवा रात्री लिहिलंत. इतरांनाही कळावं म्हणून तुमचा मजकूर इथे देते (गड्डा म्हणजे आपल्या सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा). ‘ताई, चार इंग्रजी पुस्तकं वाचून लोकांना उगं भ्या दाखवू नका. माझ्या आजीनं गड्ड्याच्या जत्रेत दोन्ही हात भरून गोंदून घेतलं, वरून हळद-तेल लावलं, नव्वदीपर्यंत जगली, तिला काही झालं नाही. हे सगळं गिऱ्हाईक वाढवायचं धोरण आहे. जत्रेत पाचशेत होतं ते तुमच्याकडं पाच हजारांत. रक्तदानाची मुदत पण चुकीची लिहिलीय, आधी नीट अभ्यास करा. माझी पोरगी येत्या गड्ड्यात गोंदून घेणार आहे, बघू काय होतंय.’

दोन दिवस मुद्दाम थांबले. राग अजून पुरता गेलेला नाही, पण आता लिहिते.

आधी जे कबूल करायचं ते करते. टॅटूनंतर सहा महिने रक्त देऊ नये, असं मी लिहिलं होतं. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या निकषांनुसार ही मुदत १२ महिन्यांची आहे. चूक माझी. लेखात दुरुस्ती केली आहे आणि त्याबद्दल तुमचे आभार.

पण ‘आधी नीट अभ्यास करा’ हे काय बोलणं झालं? एक आकडा चुकला तर आकडा दाखवा, मी दुरुस्त करीन. ‘ताई’ म्हणून सुरुवात करायची आणि तिसऱ्या ओळीत ताईची अक्कल काढायची, ही कुठली रीत? हाच लेख एखाद्या पुरुष आर्टिस्टनं लिहिला असता तर तुम्ही त्याला ‘दादा, चार पुस्तकं वाचून’ असं लिहिलं असतं का, याचा एकदा शांतपणे विचार करा. मी मराठी शाळेत शिकले आहे. पुण्यात दोन वर्षं एका आर्टिस्टच्या हाताखाली होते, त्यातले पहिले आठ महिने मला मशीनला हातसुद्धा लावू दिला नव्हता. खुर्ची पुसायची, ट्रे लावायचा, वापरलेल्या नीडल्स वेगळ्या डब्यात टाकायच्या, एवढंच काम. सोलापुरात परत येऊन अकरा वर्षं झाली. पुस्तकंही वाचली, ती वाचल्याची मला लाज वाटत नाही.

आता आजी. तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेचा भार त्या एका वाक्यावर आहे : तिला काही झालं नाही. हे वाक्य माझ्या खुर्चीत बसणाऱ्या दर तिसऱ्या माणसाकडून मी ऐकते, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते.

माझीही आजी होती. मंगळवेढ्याकडची. उजव्या हातावर तुळशीवृंदावन, डाव्या हातावर विंचू आणि हनुवटीवर तीन टिपके. लहानपणी तिच्या मांडीवर पडून मी त्या विंचवाच्या नांग्यांवरून बोट फिरवायचे. मी या धंद्यात आले ती त्या विंचवामुळे. तेव्हा गोंदणाचा मान मला कुणी शिकवायला नको. गोंदणारी बाई गावात आली की वाड्यातल्या सगळ्या सुना-लेकी ओट्यावर रांगेनं बसायच्या. काजळी कालवलेली एक वाटी आणि बांधलेल्या सुयांचा एक जुडगा. पहिलीच्या हातातून निघालेला जुडगा फडक्याला पुसून दुसरीच्या हातात जायचा. हे आजीनंच मला सांगितलं. गोंदल्यावर तिचा डावा हात कोपरापर्यंत सुजला, ताप आला, ऐन सुगीत आठ दिवस जोंधळ्याचं कणीस खुडता येईना आणि सासूची बोलणी खावी लागली. हे सगळं सांगून झाल्यावर मी तिला विचारलं, मग दवाखान्यात नेलं का? ती म्हणाली, ‘अगं काय झालं होतं म्हणून न्यायचं?’

दादा, ‘काही झालं नाही’ याचा अर्थ त्या पिढीच्या बायकांच्या तोंडी हा असा आहे. जीव गेला नाही म्हणजे काही झालं नाही. तुमच्या आजींचा हात सुजला होता की नाही, हे तुम्ही त्यांना कधी विचारलं होतं का?

आणि सूज-ताप हे निदान दिसतं तरी. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, किमान सात दिवस जिवंत राहतो. फडक्यानं पुसलेल्या सुईवरून तो सहज दुसऱ्याकडे जातो. लागण झालेल्या कित्येकांना वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही आणि कळतं तेव्हा यकृत निकामी व्हायला लागलेलं असतं. आपल्या गावाकडं जुनी माणसं सांगतात, अमकी कावीळ होऊन गेली, तमकीच्या पोटात पाणी झालं. तिला वीस वर्षांपूर्वी कुठली सुई टोचली होती, हे कुणी कशाला आठवेल? कारणं अनेक असू शकतात, सगळं खापर गोंदणावर मी फोडत नाही. पण तुमच्या आजी नव्वदीपर्यंत जगल्या म्हणून तुम्ही आज ही गोष्ट सांगू शकता. त्या रांगेत त्यांच्या पुढं आणि मागं बसलेल्या बायकांचं पुढं काय झालं, ते तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. जी वाचली तिची गोष्ट घरात राहते. जी लवकर गेली तिच्या नातवाकडं सांगायला काही नसतं.

माझ्या उजव्या मनगटावर भावाचं नाव आहे. सतरा वर्षांची असताना एका गावच्या जत्रेत, पालात बसून काढून घेतलं. घरी न सांगता. माझ्या आधीच्या मुलाची नीडल त्या माणसानं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली आणि तीच मला लावली. शाईही त्याच झाकणातली. मी ते डोळ्यांनी पाहिलं आणि काही बोलले नाही, कारण मला वाटलं असंच असतं. घरी कळल्यावर आईनं मारलं नाही, हळद तेलात कालवून लावली. तिच्या परीनं तिनं मायाच केली. तिसऱ्या दिवशी मनगट लाल-गरम, पू, ताप आणि काखेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ. तीन आठवडे ड्रेसिंग आणि अँटिबायोटिक. ते नाव आजही उंचवट्यासारखं वर आलेलं आहे, थंडीत खाजतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.

हळदीवर माझा राग नाही. पण स्वयंपाकघरातल्या डब्यातली, चमचा बुडवून काढलेली पूड निर्जंतुक नसते. टॅटू म्हणजे शेकडो छिद्रांची उघडी जखम. शाई वरच्या कातडीखालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल बसवलेली असते. त्या छिद्रांवर पुडीचा चिकट लेप बसवला की घाण आत राहते आणि जखमेतलं पाणी बाहेर निघत नाही. टूथपेस्ट, पावडर, राख यांचंही तेच. स्पिरिटनं पुसणं किंवा पाण्यात उकळणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे. त्यासाठी ऑटोक्लेव्ह नावाच्या यंत्रात दाबाखालची १२१ अंशांची वाफ १५ ते २० मिनिटं द्यावी लागते. म्हणून आता नीडल एकदाच वापरायची आणि फेकायची असते.

आणखी एक. आजीच्या गोंदणात काजळी होती. आज लोक लाल, पिवळा, निळा मागतात. सर्वांत जास्त ॲलर्जी लाल शाईची येते, कधीकधी कित्येक महिन्यांनी किंवा वर्षांनी. युरोपीय संघानं ४ जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या चार हजारांहून जास्त रसायनांवर बंधनं घातली, ती उगाच नाही. तेव्हा आजीचं उदाहरण आजच्या शाईला लावू नका.

‘गिऱ्हाईक वाढवायचं धोरण’. हे मला सर्वांत जास्त लागलं, सांगते. गेल्या वर्षी सैन्यभरतीची तयारी करणारा एक मुलगा आला होता, दंडावर वाघ हवा होता. मी काढला नाही. सैन्याच्या नियमात कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू, एवढ्याच ठिकाणी टॅटू चालतो; परंपरेनं गोंदणाऱ्या आदिवासी समाजांना सवलत आहे. दंडावर काढून दिला असता तर माझा गल्ला भरला असता आणि त्याची दोन वर्षांची धाव मातीत गेली असती. अंगावर कोड असलेली एक मुलगी आली, तिलाही आधी त्वचारोगतज्ज्ञांकडं पाठवलं, कारण कोड आणि सोरायसिस जखमेच्या जागी नव्यानं उठू शकतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असणारे, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या घेणारे, साखर ताब्यात नसलेले, कानाच्या पाळीला किंवा छातीवर जुनी केलॉइडची (व्रण वाढून झालेली) गाठ असणारे, अठरा न भरलेले, या सगळ्यांना मी परत पाठवते. शहराच्या पूर्व भागातली एक विडी कामगार बाई आली होती. तिला हातावर लेकीचं नाव हवं होतं. दिवसभर मांडीवर सूप आणि हातावर तंबाखूची धूळ, जखम भरणार कशी? खांद्याजवळ काढू म्हटलं, तर म्हणाली मला दिसायला पाहिजे. तिला सलग सुट्टी मिळेल तेव्हा ये म्हणून सांगितलं. ती अजून आलेली नाही. असं गिऱ्हाईक वाढतं का?

पाचशे आणि पाच हजारांचा हिशोब ज्याचा त्यानं करावा, त्यावर मी वाद घालणार नाही.

तुमच्यामुळं लेखात राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी मात्र आठवल्या, त्या आपल्या गावच्या आहेत. बाहेरच्या लेखात लिहिलेलं असतं, नळाच्या कोमट पाण्यानं धुवा. आपल्याकडं नळाचं पाणी पिंपात साठवलेलं असतं. त्या पाण्यानं ताजा टॅटू धुऊ नका. उकळून गार केलेलं पाणी, सौम्य बिनवासाचा साबण, धुतलेला हात. दिवसातून दोन-तीनदा, आणि टॉवेलनं घासायचं नाही, स्वच्छ टिश्यूनं टिपायचं. मलम अगदी पातळ, कातडी नुसती चमकेल इतकंच. आपली नवी चादर खरखरीत असते, रात्री त्यावर जखम घासून खपली निघते आणि तिथली शाईही निघते. महिनाभर जुनं धुवट सुती पांघरूण घ्या. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, घामानं जखम भिजत राहते, म्हणून घाई नसेल तर मी दिवाळीनंतरच यायला सांगते. भरेपर्यंत विहिरीत पोहणं बंद. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत भरते, आतली दोन-तीन महिने घेते. पापुद्रा सुटताना खाज येते, ओढायचं नाही. लाली पसरत चालली, पू आला, ताप आला तर मला फोटो पाठवत बसू नका, सरळ डॉक्टरकडं जा.

आता तुमच्या मुलीविषयी. ‘बघू काय होतंय’ हे शेवटचं वाक्य वाचून मी खरं तर चिडायला हवं होतं, पण मला माझं सतरावं वर्ष आठवलं. गड्ड्याशी माझं वैर नाही. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला मी दरवर्षी असते, होम मैदानावर पाय दुखेपर्यंत फिरते. मुलीला तिथंच गोंदायचं असेल तर गोंदू दे. पण तिला अठरा पूर्ण आहेत ना, एवढं पाहा. हिपॅटायटिस बीची लस आपल्या देशात सगळीकडं नियमित लसीकरणात आली ती २०११ च्या सुमारास, म्हणजे तिला लहानपणी मिळाली नसण्याची शक्यता आहे. तिचं जुनं लसीचं कार्ड शोधा. लस घेतलेली नसेल तर डॉक्टरांना विचारून या आठवड्यात पहिला डोस द्या, महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. आज जूनची पाच तारीख आहे. तिसरा डोस डिसेंबरात होईल, गड्डा जानेवारीत आहे. आणि त्या दिवशी तिच्याबरोबर तुम्ही स्वतः जा. नीडलचं पाकीट तिच्यासमोर फाडलं, शाई नव्या कपात ओतली, ग्लोव्हज नवे घातले, हे होईपर्यंत तिला हात पुढं करू देऊ नका.