पुरातत्व खातं आलं की पूजा बंद? आधी पाताळेश्वरात जाऊन या

आमच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आलाय हा मेसेज. म्हणे देऊळ पुरातत्वच्या यादीत गेलं की पूजा बंद, देवस्थान सरकारजमा, त्यापेक्षा वर्गणी काढा आणि ऑइल पेंट मारून घ्या, दगड टिकतो.

पूजा बंद? अहो पुण्यात जंगली महाराज रोडवरचं पाताळेश्वर केंद्राच्या पुरातत्व खात्याकडेच आहे, आठव्या शतकातलं लेणं, महाशिवरात्रीला तिथली रांग बघा एकदा. कार्ल्याची लेणीही त्याच खात्याकडे, तिथे चैत्यगृहाच्या (बौद्ध प्रार्थनालेण्याच्या) अगदी तोंडाशी एकवीरा आईचं देऊळ आहे, चैत्रात पालखी निघते, कोळी मंडळी वाजतगाजत वर चढतात. संरक्षित वास्तूंच्या 1958 च्या कायद्यात तर उलट लिहिलंय, पूजास्थान असेल तर त्याच्या स्वरूपाला न शोभणारा वापर करायचा नाही. हां, जिथे पूजा आधीच थांबलेली होती तिथे नव्याने सुरू करू देत नाहीत, बहुतेक तेच उचलून सगळीकडे चिकटवलंय.

सरकारजमा तर नाहीच. संरक्षित झालं म्हणजे मालकी गेली असं होत नाही.

आता ऑइल पेंट. आमच्या पेठेतल्या एका देवळात (नाव नको, भांडणं होतील) खांबांना चॉकलेटी रंग फासलाय. परवा आरतीला उभा असताना सहज नख लावलं तर रंगाबरोबर दगडाचाच पापुद्रा हातात आला, आत पांढरी भुकटी. गुरवकाका म्हणाले, दर पावसाळ्यानंतर हे असंच. होणारच ना, पाणी खालच्या पायातून आणि दर्जांतून, म्हणजे दगडांच्या सांध्यांतून, दगडात शिरतंच, पूर्वी चुन्याच्या दर्जांतून ते वाळून बाहेर पडायचं, आता वर रंग आणि दर्जांत सिमेंट, मग ते आतच अडकतं, खार (तीच ती पांढरी भुकटी) फुगतो आणि दगड सोलवटतो. आणि हा रंग काढायला कोणी सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा) सुचवलं तर त्यालाही हाकला, कोरीवकामाची धारच जाते.

आणि मूळ दगड मोकळा करायला पूजा थांबवावी लागत नाही. पंढरपूरला 2024 मध्ये गाभाऱ्यातली चांदी आणि जमिनीवरचा ग्रॅनाइट काढून मूळ काळा दगड मोकळा केला. तेवढे महिने पायांवरचं दर्शन बंद होतं, मुखदर्शन होतं, नित्योपचार चालूच.

एक मात्र मान्य. 2010 नंतर संरक्षित वास्तूपासून 100 मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आणि पुढच्या 200 मीटरमध्ये आधी परवानगी घ्यावी लागते, त्यामुळे शनिवारवाड्याभोवतीच्या जुन्या वाड्यांतले लोक खरंच अडकलेत. त्यावर मेसेज काढा, मीही पुढे पाठवीन.

रविवारी ट्रस्टची मीटिंग आहे, रंगाची कोटेशनं येणारेत म्हणे. तो पापुद्रा मी कुंकवाच्या डबीत ठेवलाय, घेऊन येतो.