फिलरेक्ट की थेट ॲरे : एका प्रतिक्रियेला उत्तर

वेबपानावरच्या कॅनव्हासमधले (ब्राउझरमध्ये चित्र काढायच्या जागेतले) चित्र ॲरेतून, म्हणजे सगळ्या पिक्सेलांच्या आकड्यांच्या सलग यादीतून, करडे कसे करायचे, या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. कॅनव्हासवरच्या एकेका पिक्सेलचा रंग बदलायला एक बाय एक मापाचा फिलरेक्ट (रंगाने आयत भरणारी आज्ञा) पुरेसा असताना मी नवशिक्यांना ॲरेच्या हिशेबात विनाकारण गुंतवले, हा पहिला. आणि लाल, हिरवा व निळा यांची सरासरी काढून केलेला करडा रंग चुकीचा आहे, हा दुसरा.

दुसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. शुद्ध हिरव्या पार्श्वभूमीवर शुद्ध निळी अक्षरे असतील, तर ० ते २५५ च्या मापात सरासरीने दोन्हींची किंमत ८५ येते आणि अक्षरे नाहीशी होतात. डोळ्याला हिरवा अधिक उजळ भासतो. म्हणून लालाला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ असा भार दिला, की हिरव्याचे १५० आणि निळ्याचे २९ होतात. लेखातील कोड मी तसा दुरुस्त केला आहे.

पहिल्याबाबत मात्र माझे मत कायम आहे. ६४० बाय ४८० च्या चित्रात ३,०७,२०० पिक्सेल असतात आणि फिलरेक्ट वापरल्यास बहुतेक पिक्सेलांसाठी रंगाची नवी स्ट्रिंग (रंग सांगणारा मजकूर) बनवावी लागते, जिचा अर्थ ब्राउझरला दर वेळी नव्याने लावावा लागतो. पण वेग हे माझे मुख्य कारण नाही. फिलरेक्ट पिक्सेलची किंमत बदलत नाही, तो त्यावर रंग चढवतो. अर्धपारदर्शक रंग दिला तर तो खालच्या रंगात मिसळतो. कॅनव्हासला दुपटीचे स्केल लावलेले असेल तर एकाऐवजी चार पिक्सेल रंगतात. शिवाय करडे चित्र करायचे तर पिक्सेलचा मूळ रंग आधी वाचावा लागतो आणि ते काम फिलरेक्ट करूच शकत नाही, त्यामुळे पिक्सेलांचे रंग ॲरेत वाचून देणाऱ्या गेटइमेजडेटापाशी यावेच लागते.

आपण टर्बो सी या जुन्या प्रोग्रामिंग साधनातल्या, एकेक पिक्सेल रंगवणाऱ्या पुटपिक्सेलचा दाखला दिलात. त्या काळी ज्यांनी व्हीजीए या जुन्या पीसी-ग्राफिक्स पद्धतीच्या ३२० बाय २०० मोडमध्ये थेट मेमरीत लिहिले, त्यांनी पिक्सेलची जागा काढायला वाय (ओळ) गुणिले ३२० अधिक एक्स (स्तंभ) हाच हिशेब केला होता. कॅनव्हासमध्ये ३२० च्या जागी चित्राची रुंदी येते आणि उत्तराची चौपट करावी लागते, कारण प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा आणि अल्फा (अपारदर्शकता) असे चार बाइट लागतात. नवशिक्याची खरी अडचण या गुणाकारात नसते, ती चौथ्या बाइटमध्ये असते: क्रिएटइमेजडेटाने मिळालेल्या कोऱ्या ॲरेत सर्वत्र शून्य असते, आणि तीन रंग भरून अल्फा २५५ करायचे राहिले, तर कोड बिनचूक चालूनही पडद्यावर काहीच उमटत नाही. हे मूळ लेखात ठळकपणे सांगायला हवे होते.

एक्स, वाय आणि रंग घेणारे छोटे फंक्शन मात्र मी लेखात जोडतो आहे. ते आतून ॲरेतच लिहील, आणि ॲरे कॅनव्हासवर उमटवणारे पुटइमेजडेटा त्याच्या बाहेर, सगळे पिक्सेल भरून झाल्यावर एकदाच बोलावले जाईल.