कारण विचारायचं नाही

गुन्ह्याची बातमी वाचून संपायच्या आत तुमचं मत तयार असलं पाहिजे, ही पहिली अट. ‘भर चौकात फटके द्या असल्यांना’ हे वाक्य पाठ करून ठेवा. पाकीटमारी असो वा दरोडा, कशालाही चालतं. त्यातला ‘असल्यांना’ तेवढा गाळू नका, सगळी करामत त्या एका शब्दात आहे. ‘असले’ एकदा बाजूला काढले की उरतात ते आपण, आणि आपण तर देवमाणसं.

‘मी चेहरा बघूनच ओळखलं होतं’ असंही छातीठोक सांगावं. आधार हवाच असेल तर चेझारे लोंब्रोसो या इटालियन डॉक्टरांचा घ्या. जन्मजात गुन्हेगार जबड्यावरून, कानांवरून, कपाळावरून ओळखता येतो, असं त्यांनी १८७६ मध्ये लिहून ठेवलं. पुढे तुरुंगातले डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी इंग्लंडमधल्या सुमारे ३,००० कैद्यांची मापं इतर लोकांशी ताडून पाहिली आणि १९१३ मध्ये छापलं, असा काही वेगळा साचा सापडला नाही. ते आपण वाचायचं नाही. (लोंब्रोसोंचा स्वतःचा सापळा त्यांच्याच इच्छेनुसार तूरिनच्या संग्रहालयात ठेवला आहे. कधी गेलात तर जबडा नीट बघून या.)

वस्तीचा विषय निघाला तर मात्र सावध. शिकागोत क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या समाजशास्त्रज्ञांनी अल्पवयीन मुलांच्या गुन्ह्यांच्या काही दशकांच्या नोंदी नकाशावर मांडल्या. शहराच्या मध्याजवळच्या ठरावीक गरीब, पडक्या वस्त्यांत प्रमाण कायम चढं. राहणारे बदलत गेले, आधी जर्मन आणि आयरिश, मग पोलिश आणि इटालियन, पण वस्तीचं प्रमाण काही उतरलं नाही. जे तिथून हलले त्यांच्या मुलांमधलं मात्र घटलं. ‘रक्तातच असतं हो’ म्हणणाऱ्यांनी याला उत्तर तयार ठेवावं. सामान हलवताना रक्त जुन्या खोलीतच राहिलं, असं काहीतरी.

गुन्हा म्हणजे खिडकी फोडणं, साखळी ओढणं, एवढंच धरून चाला. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९४९ मध्ये ७० बड्या कंपन्यांच्या कायदेभंगाचा हिशेब पुस्तकात मांडला, तेव्हा छापताना कंपन्यांची नावंच गाळावी लागली. नावांसकट पुस्तक निघालं ते १९८३ मध्ये. बघा, सभ्य लोकांच्या अब्रूची काळजी घ्यायची म्हटलं की कशी घेता येते!

बिघडू पाहणाऱ्या पोरांना तुरुंग दाखवून आणा, कैद्यांकडून चार शिव्या ऐकवा, घाबरतील. अमेरिकेत १९७० च्या दशकात ही टूम निघाली. पुढे काटेकोर चाचण्या एकत्र करून तपासल्या, तेव्हा अशी सहल करून आलेली पोरं न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करत होती. पण ऐकायला किती जोरकस वाटतं!

खरी मेहनत मात्र पुढेच आहे. माणूस शिक्षा भोगून सुटला की आपली पाळी सुरू होते. त्याला खोली द्यायची नाही. कामाच्या अर्जात ‘पूर्वी शिक्षा झाली आहे का?’ हा रकाना ठेवायचा आणि त्यानं खरं लिहिलं की अर्ज सगळ्यांत खाली सरकवायचा. खोटं लिहिलं तर उत्तमच, फसवणूकही जमा. मुलाच्या शाळेच्या दारात तो दिसला की आपली बोलणी थांबली पाहिजेत. आवाज खाली करणं पुरेसं नाही, पूर्ण थांबली पाहिजेत. मग एक दिवस तो जुन्या सोबत्यांकडे परत जातो, कारण त्याला नावानं हाक मारणारे तेवढेच उरलेले असतात. त्या दिवशी आपण म्हणायचं, ‘मी म्हटलं नव्हतं?’

आणि समेटाच्या नादी तर मुळीच लागू नका. १९७४ मध्ये कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन पोरांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ जणांचं नुकसान केलं. काचा फोडल्या, टायर कापले. प्रोबेशन अधिकाऱ्याच्या सूचनेवरून न्यायाधीशांनी त्यांना ज्यांचं नुकसान केलं त्यांच्या घरोघरी पाठवलं: बेल वाजवा, ‘आम्हीच ते’ म्हणा, किती नुकसान झालं ते विचारा. पोरांनी पुढे पैसे भरले. हे फार वाईट झालं. कारण फटके खाताना माणसाला डोळे मिटून घेता येतात. दारात उभं राहून, ज्या बाईची काच फोडली तिच्याकडे बघताना ते जमत नाही. शिवाय त्या बाईलाही तोंड फुटतं. कोर्टात तिला फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. इथे तीच विचारत सुटते: माझंच घर का? पाळत ठेवली होती का? परत येणार का?

माझ्याकडे एकदा चोरी झाली. वडिलांचं घड्याळ गेलं, थोडी रोकडही गेली. चोर सापडला, शिक्षा झाली, सगळं रीतसर. टेबलावर आईवडिलांचा फोटो असतो, तो त्यानं जाण्यापूर्वी पालथा घालून ठेवला होता. मी पंचनाम्यात तेही लिहा म्हटलं, तर साहेब म्हणाले, ‘फोटो चोरीला गेला का? नाही ना? मग सोडा.’

मी सोडलं. तुम्हीही असंच सोडत जा.