मध्यम आकाराचं केळं

रिंग रोडच्या कोपऱ्यावरचा केळीवाला मंगळवारपासून मला 'टेपवाल्या ताई' म्हणतो. तोंडावर नाही, मी चार पावलं पुढे गेले की शेजारच्या पेरूवाल्याला सांगतो. पण आवाज हातगाडीवाल्याचा, आणि माझे कान अजून शाबूत आहेत. बिघडली आहे ती फक्त साखर.

तीही फार नाही. तीन महिन्यांची सरासरी ६.१ निघाली. डॉक्टर म्हणाले, "काठावर आहात," आणि काठावरच्या बाईला त्यांनी आहारतज्ज्ञाकडे ढकललं. तिथे पंचविशीतली एक गोड मुलगी बसली होती. भात कमी, साबुदाणा बंद, वरण-बट्टी 'कधीतरी सणाला' हे सगळं मी निमूट ऐकून घेतलं. मग ती हसून म्हणाली, "केळं मात्र चालेल हं. मध्यम आकाराचं, अर्धं."

मी जळगाव जिल्ह्यातल्या यावलकडची. आमच्याकडे केळी घडाने मोजतात, हात फारच आखडला तर फणीने. एक केळं ही मोजणीच नाही. त्याच्या अर्ध्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, आणि माझ्या आजीला कुणी 'अर्धं केळं घ्या' म्हटलं असतं तर तिने उरलेलं अर्धं त्याच्याच हातावर ठेवून विचारलं असतं, आता ह्याचं काय करू?

"मध्यम म्हणजे केवढं?" मी विचारलं.

मुलीने छापील कागद दिला. अमेरिकेच्या कृषी खात्याचे आकडे, आणि माप इंचांत. सहा इंचांच्या आतलं केळं खूप लहान: साल काढून ८१ ग्रॅम, त्यात कर्बोदकं साडेअठरा ग्रॅम. सहा ते सात इंच लहान: १०१ ग्रॅम, कर्बोदकं २३. सात ते आठ म्हणजे आपलं ते मध्यम: ११८ ग्रॅम, २७. आठ ते नऊ मोठं: १३६ आणि ३१. नऊच्या पुढे अतिमोठं: १५२ आणि ३५. खाली कपाचंही माप होतं. काप करून एक कप भरला तर ३४ ग्रॅम कर्बोदकं, कुस्करून भरला तर ५१. कुस्करलेलं केळं कपात कोण भरतं? आमच्याकडे कुस्करलेल्या केळाला शिकरण म्हणतात. ते पातेल्यात होतं, आणि त्यावर सासूबाई जी साखर घालायच्या तिचा रकाना त्या कागदावर नव्हता.

"एका वेळेला पंधरा ग्रॅमच्या आसपास राहा," मुलगी म्हणाली. मध्यमचं अर्धं केलं की साडेतेरा होतात. हिशेब चोख होता, त्यात मला काही म्हणायचं नाही. अडचण केळाची होती.

भावाकडून दोन फण्या आलेल्याच होत्या. आल्या आल्या मोजायची टेप लावली. एकही केळं नऊच्या खाली नाही. एक काट्यावर टाकलं: सालीसकट २१४ ग्रॅम, सोलून १४०. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त सालच. उरलेल्या १४० ग्रॅममध्ये कर्बोदकं जवळजवळ ३२. आता लांबीने हे केळं 'अतिमोठं' आणि वजनाने जेमतेम 'मोठं'. कागदाला हे चालणार आहे का, हे कागदाला विचारायची सोय नाही. आमच्या ह्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "तुझ्या माहेरचं सगळंच अतिमोठं." बत्तीस वर्षं झाली लग्नाला. अजून संधी सोडत नाहीत.

तर मध्यम केळं शोधायला मी बाहेर पडले. हे वाक्य साधं दिसतं, पण ते कुठे लिहितेय ते लक्षात घ्या. जळगाव जिल्ह्यात विकत केळी घेणारी बाई म्हणजे एक तर बदलीवर आलेल्या साहेबाची बायको, नाही तर माहेराशी बोलणं तुटलेली. इथे केळी विकत घ्यायची नसतात, ती येतात. फाटकाला लटकवलेली असतात. पाहुणा येतो तो पिशवी घेऊन, आणि जाताना आपण त्याला दुसऱ्या पाहुण्याने आणलेली पिशवी देतो. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या घरातल्या डायनिंग टेबलालाही मिळायला हवं होतं. त्यावर काळी पडत चाललेली फणी नाही असा दिवस मला आठवत नाही.

म्हणून मी ओळखीचा रस्ता टाळून रिंग रोडला गेले. टेप पर्समध्ये होती. शिंप्याकडे जायचं होतं म्हणून. (नव्हतं जायचं.)

गाडीवर पिवळीधमक केळी मांडली होती, सगळी एका रंगाची, शीतगृहातून पिकवून आलेली. मी इकडेतिकडे बघितलं, टेप अर्धीच बाहेर काढली आणि कडेच्या केळाला लावली. आठ. दुसऱ्याला लावली. सव्वाआठ.

"काय व बाई, केयं घ्याले आली का झंपर शिवाले?"

मागे एक आबा उभे होते. पांढरी टोपी, धोतर, एका हातात डोळ्यांच्या दवाखान्याची फाईल. रावेर तालुक्यातले, हे त्यांनी न विचारता सांगितलं. बायकोला आत बाहुली मोठी करायचे थेंब घातले होते, तासभर बसवलं होतं आणि आबांना वेळ घालवायला काही हवं होतं. त्यांना मी मिळाले.

"डॉक्टरांनी सांगितलंय," मी म्हटलं. दवाखान्याचं नाव काढलं की माणसं गप्प होतात असा माझा अनुभव. आबा फाईल काखेत मारून जवळ आले.

"मोजू राह्यली ते मोज. पन पाठीवरून मोजू राह्यली का पोटाकून?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. केळं वाकडं असतं हे मला जन्मापासून माहीत आहे, पण वाकड्या वस्तूला दोन लांब्या असतात हे त्या हातगाडीपाशी कळलं. मी पोटाकडून मोजत होते. आबांनी टेप माझ्या हातातून काढून घेतली (काढूनच घेतली, मागितली नाही), फणीतून ते केळं कट्कन तोडलं आणि पाठीवरून लावली. साडेनऊ.

"पाय. पोटाकून आठ, पाठीवरून साडेनऊ. आता देठ धराचं का सोडाचं?"

"ते कागदावर नाही."

"मंग कागद कोनाचा हाये?"

"अमेरिकेचा."

"तिकडे पिकते का केयी?"

हवाईत थोडी पिकते, पण त्या देशाची बहुतेक केळी ग्वाटेमाला, इक्वाडोर, कोस्टा रिका अशा ठिकाणांहून येतात. मी हे एकदा वाचलं होतं आणि दुर्दैवाने सांगूनही बसले. आबांचा चेहरा असा उजळला की तासाभराच्या खोळंब्याचं सार्थक झालं.

"आयक रे!" ते केळीवाल्याला म्हणाले. "ज्याईच्या वावरात केयीचं खोड नाही, त्याईनं आपल्याले माप शिकवाचं!"

केळीवाला आधी हसला. मग तोडलेल्या केळाकडे पाहून हसायचा थांबला.

आबांनी आणखी दोन केळी तोडली. चाळीस वर्षं केळी लावतोय, म्हणाले. बसराई लावली, श्रीमंती लावली, ह्या जुन्या जाती; आता प्रयोगशाळेत वाढवलेली टिश्यूची रोपं लावतो. बसराईचा जमाना असता तर तुला टेप लागलीच नसती, केळं कसं आटोपशीर असायचं. हे आताचं जी-नाइन जातीचं नुसतं लांबतच जातं. मग त्यांनी मला विचारलं की कागदातलं केळं नवतीचं, म्हणजे नव्या लागवडीचं, की पिलबागेचं, म्हणजे जुन्या खोडाच्या पिलांचं? कांदेबागेचं, म्हणजे पावसाळा सरता लावलेलं, की मृगबागेचं, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला लावलेलं? वरच्या फणीचं की खालच्या? कारण वरची फणी भरते, खालची बारीक राहते, आणि एकाच घडात तुझी ती मध्यम, मोठी, अतिमोठी सगळी बसलेली असतात. हे मला खरंच पटलं. तसं बोलूनही दाखवलं. बोलायला नको होतं.

"माप लावतात, नाही असं नाही," आबा आता पेरूवाल्यालाही धरून बोलत होते. "दुबईले माल जातो ना, तवा लांबी पाह्यतात, जाडी पाह्यतात, तेरा किलोचं खोकं भरतात. पन तू काय दुबईची हाये का?"

क्लासला निघालेली दोन पोरं सायकली टेकवून थांबली. एकाने मोबाइल वर धरला. मी माझी ओढणी नीट केली. निदान चेहरा तरी बरा यावा.

"साखर हाये ना तुले? मंग कच्ची खाय," आबांनी निकाल दिला. आता ह्यात ते अगदीच चुकले नव्हते, आणि तेच मला जास्त लागलं. कच्च्या केळात पिष्ट असतं, पिकताना त्याची साखर होते. एकूण कर्बोदकं तेवढीच राहतात, पण कच्च्यातलं बरंचसं पिष्ट आपल्याला पचतच नाही, म्हणून साखर हळू चढते. त्या गोड मुलीनेही 'ठिपके पडलेलं घेऊ नका' म्हणून सांगितलं होतं, आणि त्याचे तिने पैसे घेतले होते. आबा फुकट सांगत होते आणि मी त्यांच्यावर चिडत होते.

"कच्च्याचे वेफर करते मी," मी म्हटलं.

"तेलात?"

मी गप्प बसले. वेफर कागदावर नव्हते. मुद्दामच विचारले नव्हते.

एवढ्यात आबांनी गाडीवाल्याला भाव विचारला. साठ रुपये डझन. आणि आबांच्या हातातली टेप सैल पडली.

"माह्या वावरातून किलोले पाच रुपयानं गेली," ते म्हणाले. ह्या वेळी कुणाला ऐकवण्यासाठी नाही. "वर्षभर पाजली. एक वादय आलं जूनमधी, अर्धा बाग घडासकट आडवा. उरला तो पाच रुपयानं."

डझनभर म्हणजे सालीसकट अडीच किलो तरी. म्हणजे शेतातले साडेबारा रुपये, इथले साठ. माझ्या डोक्यात ते दिवसभर ग्रॅमच फिरत होते, त्यात हा हिशेब चटकन झाला आणि गेला नाही. केळीवाला कळवळून म्हणाला, "आबा, मी कुठे महाल बांधला? पिकवायचं भाडं, हमाली, संध्याकाळी काळा पडलेला माल कोण घेतं?" त्याचंही खरं. दोघांचं खरं असलं की मधला कुणीतरी दिसायला हवा, पण तो त्या कोपऱ्यावर कधीच उभा नसतो. माझ्या भावाचाही जूनमध्ये दीड एकर असाच झोपला. त्याने फोनवर सांगितलं तेव्हा मी 'अरेरे' म्हटलं होतं आणि पुढच्याच वाक्यात विचारलं होतं, फण्या कधी पाठवतोस. पंचनाम्याला माणूस आला तो बांधावरूनच फोटो काढून गेला. त्याने टेप आणली नव्हती. टेप फक्त माझ्याकडे होती, केळं खायला.

आतून नर्सने हाक मारली. आबांनी टेप माझ्या पर्सवर ठेवली, म्हणाले, "खाय व माय, अख्खं खाय. अर्ध्यानं कोनाचं भलं झालं?" आणि फाईल सावरत गेले.

मी निघाले तर केळीवाल्याने हात पुढे केला. "ताई, तीन तोडली त्याचे पंधरा."

"मी कुठे तोडली?"

"तुमच्यासाठीच तोडली ना. आता सुट्टं केळं कोण घेणार?"

सुट्टं केळंच घ्यायला आलेली बाई समोर उभी आहे, हे मी त्याला समजावून सांगू शकले असते. पोराचा मोबाइल अजून वर होता. मी पंधरा रुपये दिले आणि तीन केळी घेऊन आले: पोटाकडून आठ, सव्वाआठ आणि पावणेनऊ. घरी फाटकाला भावाची तिसरी फणी लटकत होती.

रोज रात्री एक सोलते, काट्यावर ठेवते, सत्तर ग्रॅमला सुरी मारते. उरलेलं अर्धं फ्रीजमध्ये काळं पडतं, मग हे खातात. ह्यांची साखर नॉर्मल आहे. खाताना म्हणतात, "पोटॅशियम असतं." मध्यम केळात ४२२ मिलिग्रॅम असतं, हे मीच त्यांना सांगितलं होतं. चूक झाली.

आज सकाळी कोपऱ्यावरून जात होते. मान खाली, चाल भरभर. केळीवाल्याने ह्या वेळी तोंडावर हाक मारली.

"ताई! चार इंची आली!"

वेलची केळी होती. बोटाएवढी, गोंडस, दक्षिणेकडून आलेली. शंभर रुपये डझन. केळीच्या जिल्ह्यात, तीन फण्या घरी टांगलेल्या असताना, परमुलखातली केळी. मी डझनभर घेतली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायला सांगितलं. भाऊ दुपारी येणार होता, त्याला दिसायला नकोत.

सोलून एक पंचेचाळीस ग्रॅम भरलं. तीन खाल्ली.