वावरात राबणाऱ्या बाईला योगा कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

गरोदरपणातलं नैराश्य आणि योगा यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलंच खडसावलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दिवसभर निंदणाऱ्या बाईला योगा शिकवणं हे शहरी फॅड आहे, तिला अर्धा तास देतो कोण, आणि तुमची जाऊ सहाव्या महिन्यात रोज रडते पण वावरात नेली की सावरते, म्हणजे कामच खरं औषध.

राबण्यानं अंग हलतं, यात वाद नाही. पण निंदताना ते अंग कसं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. उकिडवं बसून पोट दाबलेलं, श्वास वरच्यावर, आणि लक्ष शेजारच्या बाईच्या ओळीवर, कारण मागे पडलं की बोलणी खावी लागतात. आमच्या गावच्या अंगणवाडीत दुपारी सतरंजी टाकली की पोटुशा बाया भिंतीला पाठ टेकून, तळपाय जुळवून, गुडघे सैल सोडून बसतात. श्वास घ्यायचा सहज आणि सोडायचा सावकाश. शेवटी डाव्या कुशीवर पडायचं, दोन गुडघ्यांत गोधडीची वळकटी. कपालभाती नाही, श्वास कोंडणं नाही, पोटाला पीळ नाही. पहिल्यांदाच आलेली एक पोर तर तशीच घोरायला लागली. कोणी उठवलं नाही तिला. घरी दुपारची झोप कुठली मिळायला!

२०१५ साली ‘बीएमसी सायकियाट्री’ या नियतकालिकात योगाच्या सहा चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता, ३७५ गरोदर बायांचा. आसनांसोबत श्वसन, ध्यान, शिथिलीकरण होतं तिथे नैराश्य ठळकपणे उतरलं. नुसत्या व्यायामासारखी आसनं करून घेतली तिथे तसा फरक दिसला नाही. चाचण्या लहान आहेत, त्यावर फार उड्या मारू नयेत. पण अंगमेहनतच पुरे असती, तर व्यायामवाल्या गटालाही तसाच गुण यायला हवा होता.

तुमची जाऊ वावरात सावरते, हे मला पटतं. फक्त कशानं, ते बघा. घरी चूल, भांडी आणि सासूबाईंची नजर. वावरात चार बाया, थट्टामस्करी, उघडी हवा. मला वाटतं तिला गुण येतो तो विळ्याचा नाही, त्या सोबतीचा. आमच्याकडेही योगा संपल्यावर बाया उठतच नाहीत. ‘काहून रडू येते, मलेच समजत नाई वं ताई,’ हे वाक्य मी तिथेच ऐकलंय, आसनं झाल्यावर, सतरंजीची घडी करता करता.

अर्ध्या तासाचा मुद्दा मात्र तुमचा खरा आहे. योगाचं नाव काढलं की सासू अडवते. आशाताईंनी ‘वजन करायला बोलावलंय’ म्हटलं की पाठवते. म्हणून आम्ही वजन-तपासणीच्या दिवशीच सतरंजी टाकतो. लबाडी आहे थोडी, असो.

आणि योगानं काय होत नाही तेही लिहिते. कर्ज फिटत नाही, ‘अवंदा पोरगाच पाहिजे’ हा घोष थांबत नाही, अनुलोम-विलोमानं दारुड्या नवऱ्याचा उगारलेला हात खाली येत नाही.

आता जावेबद्दल. रोजचं रडणं दोन आठवड्यांच्या वर गेलं असेल, झोप-भूक उडाली असेल, तर योगा आणि वावर दोन्हींवर विसंबू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तिथे न्या. रक्त कमी आहे का, थायरॉइड आहे का, हे विचारा. या दोन्हींनी बाई गळून जाते आणि घरचे म्हणतात नखरे करते. रडण्याबद्दलही डॉक्टरांना सांगा, ती स्वतः सांगणार नाही. मध्येच रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात.

एक गोष्ट तुम्हीच तिला एकटीला गाठून विचारा: ‘जीव नकोसा होतो का?’ विचारल्यानं तसलं काही डोक्यात भरत नाही. हो म्हणाली तर ९ तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना, आणि तोवर तिला एकटी सोडू नका. फवारणीचं औषध घरात असेल तर आधी कुलपात टाका. मनाच्या आजाराची गोळी आधीपासून चालू असेल तर पोटुशी आहे म्हणून आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून ठरवा. योगा गोळीसोबतही करता येतो.