२५ डॉलरचं सूप वसूल कसं करावं

परवा शनिवारी आमच्या गावात दरवर्षीचं ते सूप-जेवण झालं. एम्प्टी बोल्स म्हणतात ते. दारात २५ डॉलर द्यायचे, टेबलावर मांडलेल्या हाताने घडवलेल्या मातीच्या वाडग्यांतला एक उचलायचा, त्यात सूप घ्यायचं, सोबत पावाचा तुकडा, आणि वाडगा घरी न्यायचा. पैसे फूड पँट्रीला, म्हणजे गरजूंना फुकट धान्य-किराणा देणाऱ्या संस्थेला. मी तीन वर्षं तिथे वाडगेही देते आणि सूपही वाढते, म्हणजे कुंभारीण पण मीच आणि वाढपी पण मीच, तेव्हा चार अनुभवाचे बोल सुनवायचा मला हक्क आहे. यंदा आपली बरीच मंडळी आली होती, कारण मंडळाच्या ग्रुपवर मेसेज मीच टाकला होता. हौस दांडगी.

तर पुढच्या वर्षी जाणार असाल तर लक्षात ठेवा.

सकाळपासून काही खाऊ नका. भुकेल्यांसाठीचं जेवण आहे, तिथे सगळ्यात भुकेले आपणच दिसलो पाहिजे.

दारात २५ डॉलर ऐकलं की आधी "सूपचे??" असं विचारायचं. मग वळून बायकोला मराठीत, "अगं कॉस्टकोत एवढ्यात आठवड्याची भाजी येते." टेबलावरच्या बाईंना मराठी कुठे कळतंय. (मला कळतं. मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत होते.)

मुलांचं तिकीट काढू नका. ती कुठे काय खातात! फक्त एकेक वाडगा तेवढा हवा असतो त्यांना.

आता मुख्य काम, वाडगा निवडणं. घाई अजिबात करायची नाही. मागे चाळीस लोक उभे आहेत तर राहू देत, त्यांना काय लोकल पकडायची आहे? प्रत्येक वाडगा उचलायचा, उलटा करायचा, बोटाच्या पेराने टकटक वाजवायचा. माझी आजी नाशकात माठ वाजवूनच घ्यायची, आणि बरोबर होतं तिचं, तडा गेलेला माठ बद्द बोलतो. पण तिने कुंभाराला कधी मॅचिंग सेट नव्हता मागितला हो. परवा एका दादांनी मागितला. माझी नावाची पट्टी वाचली, खूश झाले, "अरे वा, मराठी! ताई, ह्या निळ्यातले सहा मिळतील का, सेम साइझ?" म्हटलं दादा, हे वेगवेगळ्या लोकांनी हाताने केलेत, सारखे नसतात. तर म्हणाले, "मग ह्याचे थोडे कमी करा ना, हा तर वाकडा आहे."

तो वाकडा माझा होता.

आता ऐकाच. माती आधी मळायची, कणकेसारखीच, पण अंगातला सगळा जोर काढून, कारण आत हवेचा बुडबुडा राहिला तर चाकावर भिंत डगमगते. मग गोळा चाकाच्या मधोमध बसवायचा, हे नुसतं मधोमध बसवणं शिकायला मला चार महिने लागले, आणि कोपर मांडीत रुतवून दोन तास बसल्यावर पाठीचं काय होतं ते मंगळवारी रात्री माझ्या नवऱ्याला विचारा. अर्धवट सुकला की उलटा करून बुडाशी कडं कोरायचं. मग आठवडाभर तरी वाळू द्यायचा, कारण ओला भट्टीत गेला तर फुटतो आणि शेजारच्या चार जणांचेही घेऊन जातो. मग पहिली भाजणी १००० अंश सेल्सियसच्या आसपास, मग ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, मग दुसरी भाजणी १२०० च्या वर, आणि भट्टी निवायला दुसरा दिवस उजाडतो, उतावीळपणे झाकण उघडलं तर तडकलेच. एवढं होईपर्यंत वाडगा दहा-बारा टक्क्यांनी आकसलेला असतो, आणि आकसताना भिंत पातळ असेल तिकडे कलतो. म्हणून वाकडा, दादा! यंदा चौदा केले, एकाच्या बुडाला तडा गेला, दोघांचं ग्लेझ ओघळून ते भट्टीच्या फळीलाच चिकटले, उरले अकरा, आणि त्यातल्या एकाचे म्हणे थोडे कमी करा. कोणाला कमी करू? पँट्रीला? धर्माची गाय आणि दात का गं नाय, ही म्हण तुमच्या शाळेत नव्हती का?

असो. सल्ला द्यायचाय, चिडायचं नाही.

सूपच्या टेबलावर व्हेज आहे का विचारा, ते रास्तच आहे, मी पण विचारते, इथे व्हेजिटेबल सूपमध्ये खुशाल चिकन ब्रॉथ असतो. पण तीनदा विचारून, चिठ्ठी वाचून, परत "नक्की ना?" करून मसूरचं सूप घेतलंत की पहिल्या घोटाला "ही तर बिनफोडणीची आमटी" हे सगळ्या हॉलला ऐकू गेलं पाहिजे. आहेच ती. एका रेस्टॉरंटने फुकट दिलेली, मोठ्या पातेलंभर, बिनफोडणीची आमटी.

झिपलॉक घरून न्या.

उगाच आपल्याच लोकांना कशाला बोलू, गोऱ्यांतही रत्नं आहेत. एका बाईंनी सूप पिऊन, वाडगा धुऊन, दुसऱ्या रंगाचा बदलून मागितला. किचनला मॅच होत नव्हता.

भाषण सुरू झालं की गप्पांचा आवाज वाढवायचा. पँट्रीच्या बाई सांगत होत्या की ही कल्पना आपल्या मिशिगनचीच, १९९० मध्ये ब्लूमफील्ड हिल्सच्या हायस्कूलमधले आर्ट टीचर जॉन हार्टम यांनी मुलांकडून वाडगे करून घेतले, शाळेतल्या लोकांना त्यातून सूप वाढलं आणि वाडगे त्यांनाच देऊन टाकले, घरोघरी रिकाम्या वाडग्यांची आठवण राहावी म्हणून. मग म्हणाल्या, रांगेत नोकरी करणारी माणसं असतात, २०२५ च्या नोव्हेंबरात सरकारी कामकाज बंद असताना फूड स्टँप, म्हणजे गरिबांना सरकारकडून मिळणारी किराण्याची मदत, अडकली तेव्हा रांग पार पार्किंगबाहेर गेली होती. सरकारी आकडाच २०२३ सालचा १३.५ टक्के घरांचा आहे, म्हणजे शंभरातल्या तेरा-चौदा घरांत खायची विवंचना, अमेरिकेत! ह्या वेळी माझ्या समोरच्या टेबलावर इथल्या नोव्हाय गावातल्या घरांचे भाव चालले होते. चार बेडरूम, फिनिश्ड बेसमेंट.

आणि शेवटचा सल्ला. वाडगा घरी नेऊ नका. सोडून द्या टेबलावर, उचलायला आम्ही आहोतच.

सतरा वाडगे उचलले मी परवा. अठरावा कचऱ्याच्या पिशवीत होता, पिशवी जड लागली म्हणून हात घातला. आत निम्मं सूप, वर पावाच्या कडा, त्यावर बोळा केलेला नॅपकिन. चाकावरचा नव्हता, बोटांनी चेपून केलेला, शाळेतल्या मुलांनी दिले होते त्यातला. बुडाशी खिळ्याने कोरलेलं एक अक्षर आणि शेजारी ग्लेझखाली अंगठ्याचा ठसा. एवढासा.

कोण होतात हो तुम्ही? जड होता? पर्समध्ये मावत नव्हता? मग घेतलात कशाला, टेबलावर राहिला असता तर दुसऱ्या कोणी २५ डॉलर दिले असते. आणि सूप? आवडलं नाही तर अर्धी पळी घ्यायची होती, मी वाढताना "बास का?" असं प्रत्येकाला विचारत होते. घरी ताटात टाकलं असतंत तर आईने पाठीत धपाटा घातला असता, आणि इथे भुकेच्या नावाने घातलेल्या जेवणात टाकता? २५ डॉलर दिलेत म्हणून? लाज वाटू द्या थोडी.

वाडगा मी धुऊन ठेवलाय. ज्याचा असेल त्याने घेऊन जावा. मेसेज करून या म्हणजे मी घरी असेन, मला अजून बरंच बोलायचंय.